सँडर घेतला, आता डिस्क कुठली?

गेल्या अंकात घरगुती कामासाठी सँडर, म्हणजे लाकूड घासायचं विजेचं मशीन, घ्यायचा तर १२५ मिलिमीटरचा रँडम ऑर्बिटल घ्या, असं लिहिलं होतं आणि त्याला लावायच्या सँडपेपरच्या गोल चकतीचा, म्हणजे डिस्कचा विषय पुढे कधीतरी काढू म्हटलं होतं. वाचकांना तेवढा धीर नव्हता. या महिन्याची जवळजवळ सगळी पत्रं डिस्कचीच आहेत, तेव्हा बिजागऱ्या आणि वाळवी पुढच्या अंकात.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो, आता निवृत्त आहे. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबतात, वर ओढून काढतात, राहिलेल्या पोकळीत बीड ओततात. पॅटर्नच्या अंगावर आडवा ओरखडा राहिला की वर ओढताना वाळू त्यात अडकते आणि साचा ढासळतो. त्यामुळे गुळगुळीतपणा मी डोळ्यांनी बघत नाही, बोटांनी बघतो, आणि ओरखड्याशी माझं वैर जुनं आहे. घरातल्यांच्या मते जरा जास्तच जुनं आहे.

प्रश्न : काका, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे. पाटावरचं पॉलिश काळं पडलंय. सँडर आणला, सोबत ८० नंबरच्या डिस्क आणल्या. पहिल्या तीन हातभर जागेतच बाद झाल्या, त्यांच्यावर तपकिरी गोळे धरले. जिथे लाकूड उघडं पडलं तिथे बारीक गोल गोल वळ्या दिसतात. मिस्त्री म्हणतो ६० नंबर लावा. लावू का?

६० नको. नंबर जितका लहान, तितका दाणा जाड. ८० ने काही गुन्हा केलेला नाही, त्याला नको त्या कामाला जुंपलंय.

त्या वयाच्या झोपाळ्यावर बहुतेक करून चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं. लाख साधारण ७५ अंशांना मऊ पडते. सँडरखाली घर्षणाने तेवढी ऊब सहज तयार होते. मग पॉलिशची भुकटी होत नाही, ते वितळतं, दाण्यांमधल्या फटींत शिरतं आणि थंड झालं की तिथेच घट्ट बसतं. हेच तुमचे तपकिरी गोळे. ६० च्या फटी मोठ्या असतात, म्हणून ती जरा जास्त वेळ तग धरेल. पण बसून बसून पॉलिश जिथे आधीच झिजलंय तिथे ती लाकूड खाईल आणि पाटाच्या मधोमध खळगा पडेल.

आधी पॉलिश ओळखा. पाटाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. मिनिटाभरात जागा चिकट झाली तर लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मध्ये कधीतरी कुणीतरी मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलेलं आहे. आपल्या गुजरातेत दारूबंदीच्या कायद्यामुळे स्पिरिटच्या विक्रीवर आणि साठ्यावर नियम आहेत, तेव्हा बाटल्या शोधत फिरण्यापेक्षा ओळखीच्या पॉलिशवाल्यालाच बोलवा.

लाख निघाली तर सँडर बाजूला ठेवून द्या. कड्या काढून पाट खाली घ्या, स्पिरिटात भिजवलेला कपडा त्यावर थोडा वेळ पसरून ठेवा आणि मऊ झालेला थर पोलादी पात्याने खरवडून काढा. जुन्या हातकरवतीच्या पात्याचा सरळ कडेचा तुकडाही चालतो. दोनतीनदा करावं लागेल. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा विझवा, आणि स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत सँडरचं बटण दाबू नका. त्याच्या मोटरच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात, त्या बाहेरून दिसत नाहीत एवढंच.

आता लाकूड उघडं झालं. सुरुवात कुठल्या नंबराने करायची हे शेवटी किती गुळगुळीत हवंय यावरून ठरत नाही, समोर सगळ्यात खोल खोट किती आहे यावरून ठरतं. नुसते डाग आणि हलके ओरखडे असतील तर १०० किंवा १२० पुरे. पाटाला पन्हळ आली असेल, चरे पडले असतील तर ८०. तिथून ८०, १२०, १८० असं चढत जायचं. ८० वरून एकदम २२० वर उडी मारली तर २२० चे बारीक दाणे ८० च्या चऱ्या नुसत्या चमकवतात, काढत नाहीत. तेल लागेपर्यंत त्या दिसतही नाहीत. तेल लागलं की सगळ्या मोजून घ्या.

प्रत्येक नंबर लावण्याआधी पाटावर शिसपेन्सिलीने नागमोडी रेघ ओढा. रेघ सगळीकडून पुसली गेली म्हणजे तेवढ्या भागावर डिस्क सारखी फिरली. मग ओलसर नव्हे, कोरड्या फडक्याने धूळ पुसून पुढचा नंबर. ही पुसापुसी टाळू नका. मागच्या डिस्कचा सुटलेला एक जाड दाणा पुढच्या डिस्कखाली सापडला की तो शेपटीसारखी वळी काढत जातो.

तुमच्या वळ्यांचं दुसरं आणि मोठं कारण म्हणजे दाब. डिस्क चालत नाही असं दिसलं की माणूस आपोआप मशीनवर रेलतो. रँडम ऑर्बिटलमध्ये पॅड दोन हालचाली करतं. मोटर त्याला दोनअडीच मिलिमीटरच्या छोट्याशा वर्तुळात थरथरवते, आणि त्याच वेळी ते आपल्या बेअरिंगवर मोकळं गोल फिरत असतं. हे फिरणं मोटरने घट्ट बांधलेलं नाही, म्हणून हाताचं वजन पडलं की ते थांबतं. उरते नुसती थरथर, एकाच जागी. तुमच्या वळ्या अशा तयार होतात. पॅडच्या कडेवर मार्करने एक जाड ठिपका करा. काम करताना ठिपका हळूहळू फिरताना दिसला पाहिजे. थांबला की हात हलका करा. मशीनचं स्वतःचं वजन आणि वर विसावलेला हात, याहून जास्त काही लागत नाही. सरकण्याचा वेग सेकंदाला इंचभर. कंटाळवाणं आहे, कबूल.

मशीन पाटावर टेकवून मग सुरू करा, आणि बंद करण्याआधी उचला. सागाबद्दल एक गोष्ट. सागात सिलिका असते, तिने धार बोथट होते, आणि वरून लाकूड तेलकट. त्यामुळे आंब्याच्या किंवा पाइनच्या पाटाला जेवढ्या डिस्क लागतील त्यापेक्षा जास्त धरून चाला. १८० नंतर त्याच नंबरचा साधा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने हाताने चारदोन वेळा ओढा. मशीनच्या उरल्यासुरल्या वळ्या रेषांत मिसळून जातात. ३२० पर्यंत जाऊ नका. लाकूड चकाकतं, हात फिरवायला छान लागतं, पण रंग आणि तेल आत शिरत नाही.

प्रश्न : कारेलीबागेतून लिहिते आहे. हार्डवेअरच्या दुकानात तपकिरी, निळ्या, पांढऱ्या, लाल अशा डिस्क पुढे टाकल्या आणि “बेन, कुठली देऊ?” म्हणाले. मी रंग बघून पांढरी घेतली. बरोबर केलं का?

ताई, बरोबर केलंत, पण योगायोगाने. रंग हा कंपनीच्या मर्जीचा भाग आहे. एकाची लाल डिस्क लाकडाची असते, दुसऱ्याची लाल लोखंडाची. डिस्क उलटी करा, मागच्या छपाईवर सगळं लिहिलेलं असतं.

आधी दाणा कशाचा आहे ते बघा. घरच्या लाकडाला ॲल्युमिनियम ऑक्साइड. तो चिवट असतो, काम करता करता थोडा थोडा तुटून नवी धार देतो, आणि स्वस्त असतो. सिलिकॉन कार्बाइड जास्त टणक आणि तीक्ष्ण, पण ठिसूळ. उघड्या लाकडावर तो लवकर संपतो. पॉलिशच्या दोन हातांमध्ये, काचेवर, दगडावर मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करू पाहत होता, हिरे झाले नाहीत, हे झालं. रंगाऱ्यांचा काळा वॉटर पेपर तो हाच. झिरकोनिया हा लोखंडाचा दाणा. भरपूर दाब मिळाला तरच तो तुटून नवी धार देतो, आणि आपण वर म्हणालो की सँडरवर दाब द्यायचाच नाही. मग तो बोथट होऊन नुसता घासत राहतो. दुकानदार “भारीमधली” म्हणून तीच पुढे करतो. सिरॅमिक दाणा लाकडावरही उत्तम चालतो, जास्त टिकतो. रोज काम असेल तर पैसे वसूल, वर्षाला एक कपाट करणाऱ्याला गरज नाही.

दुसरं, दाणे किती दाट आहेत ते. क्लोज्ड कोटमध्ये सगळा कागद दाण्यांनी झाकलेला असतो. ओपन कोटमध्ये साधारण निम्मा ते सत्तर टक्के, मध्ये जागा सोडलेली, म्हणजे भुकटीला बसायला आणि उडून जायला वाव राहतो. लाकूड, रंग, लांबी (पुट्टी) यांच्यासाठी ओपन कोट.

तिसरं म्हणजे तुमचा पांढरेपणा. बऱ्याच डिस्कांवर दाण्यांच्या वर झिंक किंवा कॅल्शियम स्टिअरेटचा हात दिलेला असतो. हा साबणाच्या जातीचा पदार्थ. तो भुकटीला चिकटू देत नाही. डिस्कवर पांढुरकी झाक दिसते ती यामुळे. रंग, सीलर, लांबी घासायला ही डिस्क फार चांगली. एकच काळजी घ्या. वर पाण्यात मिसळणारं पॉलिश मारायचं असेल तर आधी पृष्ठभाग नीट पुसा, स्टिअरेटचा अंश राहिला तर पॉलिश जागोजाग फाटून माशाच्या डोळ्यांसारखे ठिपके पडू शकतात.

कागदाची जाडी मागे इंग्रजी अक्षरांत असते, ए सगळ्यात पातळ, पुढे एफपर्यंत जाड होत जाते. सँडरच्या डिस्क मधल्या असतात. कागदाऐवजी प्लास्टिकच्या फिल्मवर बनवलेल्या डिस्क कडेला फाटत नाहीत. जाळीच्या डिस्कमधून धूळ सगळीकडून ओढली जाते, पण त्यांचा फायदा व्हॅक्यूम जोडलेला असेल तरच.

काय घ्यायचं एवढंच सांगा, असं म्हणणार असाल तर: ॲल्युमिनियम ऑक्साइड, ओपन कोट, स्टिअरेटवाली, ८०, १२०, १८० प्रत्येकी दहा, आणि पॉलिशच्या हातांमध्ये घासायला ३२० च्या पाच. ४० नंबर घेऊ नका, घरात असला की हात तिकडे जातो.

डिस्क कधी टाकायची हेही याच पत्रात होतं. भुकटी येईनाशी झाली की टाकायची. गोळे धरलेली पण धार शिल्लक असलेली डिस्क क्रेप रबराच्या तुकड्यावर चालवली की पुन्हा मोकळी होते. जुन्या क्रेप सोलच्या चपला फेकू नका. बोथट झालेली मात्र कशानेच परत येत नाही. ती लाकूड कापायच्या ऐवजी तापवते, माणूस आणखी रेलतो, आणि दहावीस रुपये वाचवायच्या नादात पाट जळका दिसतो.

प्रश्न : मी कलाभवनात इंजिनिअरिंगला आहे. काही डिस्कवर नुसतं ३२० असतं, काहींवर पी ३२०. एकच का?

नाही, आणि तू विचारलंस याचा आनंद झाला, कारण मोठमोठे पॉलिशवाले इथे फसतात. पी म्हणजे युरोपीय माप. पी नसेल तर ते बहुधा अमेरिकी. २२० पर्यंत दोन्ही जवळजवळ जोडीने चालतात. पी ८० चा दाणा सरासरी ०.२ मिलिमीटर, पी १२० चा ०.१२५, पी १८० चा ०.०८२, पी २२० चा ०.०६८, अमेरिकी १८० आणि २२० इथपर्यंत तेच आकडे देतात. पुढे वाटा फुटतात. पी ३२० चा दाणा ०.०४६, पण अमेरिकी ३२० चा साधारण ०.०३६, म्हणजे तो पी ४०० च्या शेजारी बसतो. अमेरिकी ४०० तर पी ८०० च्या आसपास जातो. म्हणून २२० च्या पुढे एकाच कामात दोन मापं मिसळू नकोस. आकडा चढता दिसतो, पण दाणा तेवढाच असतो किंवा मधलीच एक पायरी गळून गेलेली असते.

आणि आकडा वाढला की दाणा बारीक का, तर हे नंबर मुळात चाळणीचे आहेत. इंचात जितकी भोकं जास्त, तितकं भोक लहान.

प्रश्न : माझ्या सँडरच्या पॅडला आठ भोकं, मिळालेल्या डिस्कला सहा. चालेल का?

चिकटेल, चालणार नाही. भोकं जुळली नाहीत तर पंखा धूळ ओढू शकत नाही. ती डिस्कखाली राहते, डिस्क तापते, वेल्क्रो सैल पडतं. १२५ मिलिमीटरच्या पॅडांना बहुतेक आठ भोकं असतात. जुनी डिस्क खिशात घालून दुकानात जा.

प्रश्न : मांजलपूरचा आहे. माझ्याकडे चार इंची ग्राइंडर आहे. त्याला वेल्क्रोचं पॅड लावून सँडरच्या डिस्क लावता येतात असं मित्र म्हणतो. मग वेगळा सँडर कशाला?

दादा, मित्राच्या घरचं फर्निचर आधी बघून ये.

ग्राइंडरची डिस्क नुसती गोल फिरते, तिला थरथर नाही. म्हणजे प्रत्येक दाणा आपल्या त्याच चाकोरीत पुन्हा पुन्हा चर पाडतो. लाकडावर अर्धगोल खाचा पडतात आणि कड टेकली की जळका डाग. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सँडरचा आकडा कागदावर जवळपास तेवढाच दिसतो, ७,५०० ते १२,०००, पण ते थरथरीचे फेरे आहेत. त्याचं पॅड प्रत्यक्षात त्यापेक्षा कितीतरी हळू फिरतं. वेल्क्रोवर चिकटलेला कागद ग्राइंडरच्या वेगाने फिरला तर सुटून उडतो आणि उडतो तो तोंडाच्या दिशेने. ग्राइंडरसाठी म्हणून जाड फायबर डिस्क येते, १०० मिलिमीटरच्या अशा डिस्कवर १५,३०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. पॅडवरही मर्यादा छापलेली असते, ती मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर ते पॅड त्या मशीनवर चढवायचं नाही. छापलेलीच नसेल तर ते पॅड घ्यायचंच नाही.

ग्राइंडर लोखंडाच्या जाळीवरचा गंज काढायला ठेव, झिरकोनियाची फ्लॅप डिस्क लाव, झकास काम होतं. फक्त दोन गोष्टी. ज्या खोलीत लाकडाची भुकटी पडलीय तिथे ठिणग्या पाडू नकोस. आणि लोखंडावर वापरलेली डिस्क लाकडावर फिरवू नकोस. लोखंडाचे कण रेषांत रुततात, दमट हवेत लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे ठिपके उमटतात, आणि ते पावसाळ्यात दिसायला लागतात, तोवर पॉलिशवाल्याचे पैसे देऊन झालेले असतात.

प्रश्न : आईच्या माहेरून आलेल्या संखेड्याच्या दोन खुर्च्या आहेत. नक्षी मळकी दिसते. ३२० ने हलकंसं घासलं तर उजळेल का?

हात लावू नका. संखेडा इथून पन्नासेक किलोमीटरवर, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात. तिथल्या खरादी कारागिरांच्या कामाची सगळी किंमत सागाच्या वरच्या त्या पातळ रंगीत नक्षीत आणि लाखेच्या झळाळीत आहे. ३२० असो की १०००, सँडर तिथे काही क्षणांत खालचं लाकूड दाखवेल. मऊ, जेमतेम ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. लाख आहे म्हणून स्पिरिटही नको. थर उडाला असेल तर खुर्च्या गाडीत घाला आणि संखेड्याला घेऊन जा, तिथे हे काम करणारी घरं अजून आहेत.

प्रश्न : अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये व्हेनिअरची कपाटं आहेत. पुन्हा पॉलिश करायचं आहे. सँडर चालेल?

चालेल, पण व्हेनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतं आणि आधीच्या पॉलिशवाल्याने त्यातलं थोडं खाल्लेलं असतं. ८० आणि १२० घरातच ठेवू नका. १८० ने सुरू, २४० ला शेवट, मशीनचा वेग मधला. कडांपासून चार बोटं आत थांबा. कडा हाताने, ठोकळ्यावर कागद गुंडाळून. व्हेनिअर फाटतं ते नेहमी कडेला, कारण पॅड अर्धं बाहेर लोंबलं की ते तिरकं होतं आणि सगळं वजन एका रेषेवर येतं. रेषांचा रंग अचानक बदलला, किंवा आडव्या रेषा दिसायला लागल्या, तर खालचा प्लाय आला. तिथून मागे येता येत नाही. पॉलिश नुसतं निस्तेज असेल, उडालेलं नसेल, तर सगळं काढूच नका. ३२० ने वरवर फिरवून त्यावरच नवा हात द्या, मात्र त्याच जातीच्या पॉलिशचा.

प्रश्न : रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्याच्या खिडक्यांवर ऑइलपेंटचे कितीतरी थर आहेत, सगळ्यात जुना कधीचा ते कुणालाच आठवत नाही. कुठल्या नंबरची डिस्क लागेल? घरात तीन वर्षांची नात आहे.

नातीचं लिहिलंत म्हणून थांबून उत्तर देतो. कुठल्याच नंबरची नाही.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं दशलक्षात ९० भागांवर आणणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ चे, आणि ते लागू झाले २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही थराबद्दल खात्री देता येत नाही, आणि तुमचे खालचे थर तर फार जुने. सँडर त्या रंगाची इतकी बारीक भुकटी करतो की ती खिडकीपासून लांब, थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन बसते. लहान मूल जमिनीवर रांगतं, खेळतं, हात तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि त्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक मानलं जात नाही.

खिडकीची तावदानं बिजागऱ्यांसकट उतरवा, घराबाहेर न्या, रंग मऊ करणारं स्ट्रिपर लावून ओलाच खरवडा. चौकटी जागेवरच कराव्या लागतील, तिथे पाण्याची फवारणी करत वॉटर पेपरने हाताने. खाली प्लास्टिक अंथरा, काम संपलं की त्यातच सगळं गुंडाळून बाहेर काढा, आणि खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तेवढे दिवस नातीला आत्याकडे पाठवा. रंग चांगला चिकटलेला असेल तर खरवडूच नका, वरून नवा हात द्या. आतला थर आत राहिला तर कुणाचं काही बिघडवत नाही.

एरवीच्या लाकडाच्या भुकटीलाही कमी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, मुख्यतः नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगामुळे. रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ लावा. आणि सँडरची पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर रिकामी करा. तेलाचं पॉलिश घासलेली भुकटी बंद पिशवीत आपोआप तापू शकते, अगदी पेट घेईपर्यंत. अळशीच्या तेलाच्या चिंध्यांचंही तसंच, त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा.

प्रश्न : पोळपाट खरबरीत झालाय, पोळी चिकटते. यजमानांचा सँडर मी वापरू का?

जरूर वापरा, यजमानांना विचारायचीही गरज नाही. पोळपाट फळीवर पातळ रबरी चटई टाकून ठेवा म्हणजे फिरणार नाही. १२० ने सुरू करा, मग १८०. नंतर ओल्या फडक्याने पुसून तासभर वाळू द्या, लाकडाचे रेषे उभे राहतील, हाताला टोचतील. तेवढे २२० ने हाताने काढा. आता पीठ-पाणी लागलं तरी रेषे पुन्हा उठणार नाहीत. नवी, याआधी कशावरही न वापरलेली डिस्क घ्या, आणि शेवटी स्वच्छ धुवा. वॉर्निश नको. मधोमध खळगा असेल तर सँडरने तो जात नाही, पॅड खळग्याच्या आकारानेच फिरतं. सुताराकडून एक रंधा मारून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यानंतर डिस्क काढल्या तर सगळ्या पापडासारख्या वळलेल्या. शिवाय पॅडवर टिकत नाहीत, मध्येच सुटतात. डिस्क खराब निघाल्या का?

वळण्याचं कारण हवा. मागचा कागद बडोद्याच्या श्रावणातली ओल पितो, दाण्यांची बाजू डिंकामुळे तेवढी पीत नाही, म्हणून डिस्क एका बाजूला वळते. दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये ठेवून वर वजन ठेवा, एकदोन दिवसांत सपाट होतील. पुढच्या वर्षी घट्ट झाकणाच्या डब्यात, त्याच दोन तुकड्यांमध्ये, नंबराप्रमाणे वेगळ्या. डबा भिंतीला टेकवून जमिनीवर नको.

सुटतात त्याचं कारण वेगळं, आणि ते डिस्कमध्ये नाही, पॅडमध्ये आहे. पॅडवरचे वेल्क्रोचे बारीक प्लास्टिकचे हूक उष्णतेने वितळून बोडके होतात, आधी मधोमध. बोट फिरवून बघा, मध्यभागी गुळगुळीत आणि कडेला खरखरीत लागलं तर पॅड गेलं. नवं पॅड स्क्रूवर बसतं, दहा मिनिटांचं काम. तुमच्या मॉडेलचा नंबर मशीनच्या पाटीवरून लिहून न्या. त्यासोबत पातळ इंटरफेस पॅडही मागा. ते पॅड आणि डिस्कच्या मध्ये बसतं, पुढच्या वेळी झिजायचं ते तेच झिजेल आणि मूळ पॅड शाबूत राहील. फक्त सपाट पाट घासताना मऊ फोमचा प्रकार लावू नका, तो कडा गोल करतो. कठीण, पातळ असतो तो घ्या, आणि भोकं आठ आहेत ना ते दुकानातच मोजा.